हापसा

पहाटे साडेचारला माझा वर्ग भरतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, सहा वाजलेले असतात आणि प्राध्यापक बाईंच्या हातात कसला तरी वाफाळता मग असतो. माझ्या हातात काही नसतं, कारण स्वयंपाकघरात भांडं वाजलं की सगळं घर उठतं. कॅमेरा चालू ठेवायचा नियम आहे. पाठीमागची गव्हाची कोठी दिसू नये म्हणून मी आईचं जुनं इरकली लुगडं दोरीवर टाकते. एका वर्गमैत्रिणीनं एकदा विचारलंही होतं, हा पडदा कुठून घेतलास म्हणून. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक आपली घड्याळं तासभर पुढं सारतात आणि माझा वर्ग साडेतीनवर येतो. पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हतं. साडेचारला केस विंचरून बसले, तर बाई समारोप करत होत्या.

जालन्यात कोण काय करतं याची दोन उत्तरं लोकांना पटकन कळतात. सळई, नाहीतर बियाणं. एमआयडीसीतल्या भट्ट्या रात्रभर पेटलेल्या असतात, आणि १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथं महिको उभी केली तेव्हापासून जालन्याचं बी दूरदूरच्या शेतांत जातं. ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ हे तिसरं उत्तर कुणाच्या गळी उतरत नाही. मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते एवढं लोकांना पुरतं. आत्याला मी समजावून सांगितलं, की माणूस जे वागतो त्याच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं याचा हा अभ्यास आहे. ती म्हणाली, “त्याला कॉलेज कामून लागतं? सून झालं की कळतंय.”

पहिल्या सत्रात बाईंनी एक साधं काम दिलं. आपल्या भाषेत मुलांबद्दल नेहमी वापरला जाणारा एक शब्द घ्या आणि त्याची व्याख्या अशी लिहा, की एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं तुमची व्याख्या हातात धरून एकाच मुलाकडं बघत बसली, तर दोघांची मोजणी जुळली पाहिजे. मी ‘हट्ट’ घेतला. तीन रात्री त्या शब्दापुढं बसले. ‘मागितलेली वस्तू न मिळाल्यास रडणे’ असं लिहिलं, तर ते भूक लागलेल्या तान्ह्यालाही लागू पडतं. ‘विनाकारण रडणे’ लिहिलं आणि खोडलं, कारण कारण नाही हे ठरवणारी मी कोण? शेवटी उरलं ते असं: जमिनीवर बसणं किंवा आडवं होणं, दोन्ही पाय तीनपेक्षा जास्त वेळा आपटणं, आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा. वाचून पाहिलं. त्यात हट्ट कुठंच नव्हता. होतं ते जमिनीवर पडलेलं एक लेकरू.

आपल्या घराघरांत मुलांसाठी शब्द भरपूर आहेत. आगाऊ, लाडावलेलं, द्वाड, घुम्या, अंगचोर. यांतल्या एकाही शब्दानं मोजता येत नाही, कारण तो उच्चारला जातो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. आमच्या शाळेच्या रजिस्टरात मीच कितीदा ‘ऐकत नाही’ असं लिहिलंय. कान तपासून मग लिहिलं होतं का, ते विचारू नका.

उलट बाजूनं पाहिलं, तर मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत या शास्त्राला जे शब्द दिलेत ते तोंडात घोळत नाहीत. प्रबलन, विलोपन, साधक अभिसंधान. कुणी आपल्या पोराबद्दल असं बोलेल का? पण घरात त्या गोष्टींना नावं आहेतच. गोडी लावणं आहे, सवय मोडणं आहे, बोट धरणं आणि बोट सोडणं आहे. मुलाच्या आजच्या अर्ध्यामुर्ध्या प्रयत्नाला शाबासकी द्यायची, उद्या त्याहून थोडं बरं झालं तरच द्यायची आणि असं करत करत पूर्ण गोष्टीपर्यंत न्यायचं, याला पुस्तकात मोठं प्रकरण आहे. आपल्याकडं ते वळण लावणं. अक्षराला वळण, मुलाला वळण आणि नाक्यावरून गाडी फिरते तेही वळण. या एका शब्दासाठी मी आपल्या भाषेवर खूश आहे.

मोजायला यंत्र लागतं. तिकडच्या मुली बोटानं दाबायचे काउंटर वापरतात, कधी त्यासाठीचं ॲप. आमच्याकडं अंगारकीला राजूरच्या गणपतीला रात्रभर माणसं पायी चालत जातात. त्या वाटेवर आणि देवळाबाहेर नामजपाची यंत्रं विकायला असतात. बोटात अंगठीसारखी अडकवायची, नाव घेतलं की अंगठ्यानं बटण दाबायचं, आकडा पुढं सरकतो. मी एक हिरवं घेतलं, पन्नास रुपयांना. विकणारा म्हणाला, “ताई, यात लाखाच्या जवळ जातंय.” मी मनात म्हटलं, देव करो आणि न जावो.

ते यंत्र बोटात घालून मी दर शनिवारी बदनापूरच्या पुढं एका खेड्यात जायला लागले. सहा वर्षांचा मुलगा. स्वमग्नतेचा दाखला छत्रपती संभाजीनगरहून आणलेला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांमध्ये स्वमग्नता आली, त्यामुळं निदान कागद तरी मिळतो. त्या कागदाचं पुढं काय करायचं हे त्याच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा बोलत नव्हता. आणि दिवसातून काही वेळा तो स्वतःचं डावं मनगट चावायचा. मनगटावर दातांचं एक अर्धवर्तुळ कायमचं झालं होतं, कातडी तिथं जाड, तपकिरी, बैलाच्या खांद्यावर जू घासून होते तशी.

मी त्यांना तीन रकान्यांची वही करून दिली आणि मोजायला ते जपयंत्र आईच्या बोटात घातलं. आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. आई सातवी शिकलेली, अक्षर सुरेख. आठवड्यानं वही पाहिली. मधल्या रकान्यात सगळीकडं ‘मनगट चावलं’. शेवटच्या रकान्यात ‘जवळ घेतलं’, ‘मोबाइल दिला’, ‘आजीनं रागावलं’. आणि पहिल्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत, एकच शब्द. ‘उगीच.’

त्या शनिवारी मी असताना पाहुणे आले, आई चहाला उठली, मुलानं कुरकुर केली, मनगट तोंडाशी नेलं आणि आईनं घाईघाईनं मोबाइल त्याच्या हातात दिला. तो गप्प झाला. मला वाटलं, सापडलं. लक्ष वेधून घेण्यासाठी चावतो. पुस्तकात हे अगदी स्वच्छ लिहिलंय: ज्या वागण्याला काही मिळतं ते टिकतं, मिळणं थांबलं की ते विझतं. मात्र विझण्याआधी ते एकदा उसळतं.

ही उसळी मी पुस्तकाच्या कितीतरी आधी पाहिलेली आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी हापसा होता. मराठवाड्यात हातपंपाला हापसाच म्हणतात आणि पाणी हापसतात. एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडायचा. दांडा एकदम हलका व्हायचा, साखळी खळखळायची, तोटीतून नुसता उसासा यायचा. अशा वेळी कुणी घागर उचलून लगेच घरी जात नाही. माणूस जोरात हापसायला लागतो. पदर खोचून, दोन्ही हातांनी, अंग टाकून. दुसरी बाई “सर, मला बघू दे” म्हणते आणि तीही तसंच करते. मग हळूहळू हात मंदावतात. संध्याकाळपर्यंत हापशाजवळ कुणी नसतं, एखादं पोर जाता जाता एक झटका मारून जातं, आलं तर आलं.

हापशावरून आठवलं म्हणून सांगते. देशभर पोचलेल्या इंडिया मार्क टू हातपंपाच्या वंशावळीत जालन्याचं नाव आहे. दुष्काळात इथल्या कातळाला बोअर पाडल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांवर बिडाचे पंप बसवत. ते एकेका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. अख्ख्या गावानं दिवसभर हापसले की मोडायचे. तेव्हा इथल्या स्कॉटिश मिशनमधल्या माणसांनी खपून एक दणकट पंप बनवला, त्याला ‘जालना पंप’ म्हणत. त्यावरून सुधारणा होत सोलापूरचा पंप झाला आणि त्यावरून १९७०च्या दशकात इंडिया मार्क टू. एका घरासाठी घडवलेली वस्तू गावाच्या हाताला टिकत नाही, हे आमच्या गावाला तेव्हाच कळलं होतं.

आणि विलोपनाचा, म्हणजे या विझण्याचा, एक गाजलेला आलेखही एका बिघडलेल्या यंत्रातूनच मिळाला. बी. एफ. स्किनर हार्वर्डमध्ये उंदरांवर काम करत होते. कळ दाबली की दाणा मिळायचा. एकदा दाणा सोडणारं यंत्र अडकलं. उंदीर कळ दाबत राहिला, दाबत राहिला, मग थांबत गेला, आणि त्याच्या हाताची ती सगळी कहाणी कागदावर एका वक्ररेषेत उमटली. शुक्रवारची दुपार होती, प्रयोगशाळेत सांगायला कुणी नव्हतं. आपल्याला काही झालं तर हा शोध आपल्याबरोबर जाईल, या धास्तीनं पुढचे दोन दिवस आपण रस्ते फार जपून ओलांडले, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलंय. मला हा माणूस एरवी कोरडा वाटतो, पण रस्ता ओलांडताना आवडतो.

तर मी त्या आईला सांगितलं, “ताई, चावलं तर लक्ष देऊ नका. जवळ घेऊ नका, मोबाइल देऊ नका. आधी वाढेल. घाबरू नका. मग उतरेल.”

वाढलं. आठ दिवसांत जपयंत्राचा आकडा दुप्पट झाला. आईनं फोन केला तर मी म्हटलं, बरोबर चाललंय, हीच ती उसळी. दुसऱ्या आठवड्यात मनगटातून रक्त आलं. तिनं तेही वहीत लिहिलं, निळ्या शाईनं, सुरेख अक्षरात. आधीचा रकाना: ‘उगीच.’ नंतरचा रकाना: ‘मॅडमनी सांगितल्याप्रमाणे लक्ष दिलं नाही.’

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. कमी झालं असतं तर माझा सिद्धांत खरा, आणि वाढलं तरी माझा सिद्धांत खरा, अशी सोय मी करून ठेवली होती. एका शनिवारची एक घटना पाहून मी निदान केलं होतं, आणि आत्याच्या ‘द्वाड’पेक्षा माझं ‘लक्षवेधी वर्तन’ काही वेगळं नव्हतं. फक्त फी भरून घेतलेलं होतं.

पुढच्या बुधवारी शाळेला सुटी होती. मी न कळवता गेले. मुलगा ओसरीवर तुरीच्या दाण्यांची ओळ लावत बसला होता. अंगणात आजी. ती आपणहून म्हणाली, “मॅडम, याचं कसं हाय, एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी. गिरो फिरल्यासारखं फिरतंय त्याचं.” मी वही मागं मागं उलटत गेले. खरंच. एका आठवड्यातल्या सगळ्या वेळा सकाळच्या, पुढच्यातल्या दुपारच्या. पुन्हा सकाळच्या. ग्रह असे आठवड्याची पाळी लावून फिरत नाहीत.

त्या आठवड्यात लाइटची पाळी दुपारची होती. सव्वादोनला लाइट आली. भारनियमनाच्या गावात लाइट येणं म्हणजे काय ते सांगायला नको. दोन घरांतून “आली गं” असं ऐकू आलं, कुणी मोटार लावायला पळालं. ओसरीवरचा बल्ब लागला आणि माझ्या डोळ्यांदेखत मुलाचं मनगट तोंडाकडं गेलं. अजून कसलाही आवाज नव्हता. मी मनात आकडे मोजायला लागले. बारापर्यंत आले तेव्हा शेजारच्या भिंतीपलीकडं पट्टा पुलीवर फटफटला आणि पिठाची गिरणी सुरू झाली. ओसरीच्या फरशीतून पायाच्या तळव्याला कंप लागत होता. आजी दळणाचं डबडं घेऊन उठलीसुद्धा.

शनिवारी गिरणीवाला बाजाराला जातो. शनिवारी गिरणी बंद असते. मी शनिवारीच यायची.

त्या घरातल्या कुणालाही गिरणी ऐकू येत नव्हती. वीस वर्षं ती भिंतीला लागून आहे. पीठ येतं, लाइट आल्याचा आनंद असतो, आवाज कुठं असतो त्यात? तो एकटा ऐकत होता. बल्ब त्याला पुढचं सांगत होता आणि तो आपल्यापरीनं त्याच्याशी लढायची तयारी करत होता. चावलं की आई जवळ घ्यायची, तिच्या पोटाशी कान दाबले जायचे. मी तेवढं एक बंद केलं होतं.

घरी येऊन हे अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. अण्णांची अंबडकडं मोसंबीची बाग होती. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडावं लागतं, त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानतं, पानं मलूल होतात, पिवळी पडून काही गळतात, आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की फुलांनी लगडतं. माझ्या पुस्तकातही हे आहे: तहान असल्याखेरीज पाण्याला किंमत नाही. मी विचारलं, ताण किती द्यायचा हे कसं ठरवायचे तुम्ही? ते म्हणाले, “हलक्या जमिनीला कमी, भारी जमिनीला जास्त, असं सांगतात. पण रोज सकाळी पान बघावं लागतं. पान न बघता जो दिवस मोजतो, त्याचं झाड जातं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि आभाळानंच ताण दिला तर मग बोलायचंच काय.” २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. आमची त्यातच गेली. खोडं सरपणाला विकली.

या शास्त्रावर रागावलेली माणसं आहेत, आणि त्यांतली बरीच स्वतः स्वमग्न आहेत, मोठी झालेली, लिहिती-बोलती. लोवास यांचा १९८७चा अभ्यास आम्हाला कौतुकानं शिकवला जातो. एकोणीस मुलं, आठवड्याला चाळीस तास, त्यांतली नऊ साध्या शाळेत बरोबरीनं बसू लागली. पण त्यात मांडीवर चापटाही होत्या, आणि त्याआधीच्या त्यांच्या कामात विजेचे झटकेसुद्धा. आपल्याला नजर द्यायला भाग पाडलं, हात हलवले तर हात दाबून धरले, असं ही माणसं सांगतात. वर्गात यावर वाद झाला तेव्हा मला विचारलं, तुमच्याकडं नजरेला नजर देण्याचं उद्दिष्ट किती मुलांच्या आराखड्यात असतं? मी म्हटलं, आमच्याकडं मोठ्यांशी वर तोंड करून बोललं तर रट्टा मिळतो. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. माझ्या मुलांच्या आराखड्यांतून मी ते उद्दिष्ट काढून टाकलं. तुरीच्या दाण्यांची ओळ लावणंही मी मोजत नाही. ते त्याचं आहे.

आणि आठवड्याला चाळीस तास कोण देणार? त्याची आई दिवाळीनंतर कापूस वेचायला जाते. तिच्याजवळ आहेत वीस मिनिटं, तीही भाकरी करता करता. प्रमाणपत्राचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ज्या मंडळाची परीक्षा या क्षेत्रात मोठी मानतात, त्यांनी २०२३पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलं. मग शिकतेस कशाला, असं घरात दर महिन्याला, फी भरायच्या दिवशी, विचारलं जातं.

या शास्त्रातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट कार आणि ड्युरांड या दोघांनी १९८५मध्ये दाखवून दिली. मूल जे चावून, आपटून, ओरडून मागतंय तेच मागायची दुसरी, सोपी रीत त्याला शिकवा, आणि त्या रीतीनं मागितलं की लगेच द्या. चावणं मागं पडतं. एक हापसा बंद करायचा तर आधी दुसऱ्याला पाणी लागलेलं हवं.

आम्ही त्याला कानावर हात ठेवायला शिकवलं. बल्ब लागला की आजी त्याच्या हाताखाली हात घालून तो कानापर्यंत न्यायची आणि लगेच त्याला घेऊन मागच्या गोठ्याकडं चालू लागायची. गोठ्यात गिरणीचा आवाज येतो, पण कंप येत नाही. चार दिवस पूर्ण हात धरला. मग नुसतं कोपराला बोट. मग नुसती नजर. अकराव्या दिवशी बल्ब लागला, आजी निवडत होती, तिचं लक्ष नव्हतं. त्यानं स्वतः उजवा तळवा कानावर ठेवला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आजीच्या मांडीवरचं सूप सांडलं. हे मला तिनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना तांदूळ किती सांडले तेही सांगितलं.

मोंढ्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून, भट्टीवरचे कामगार घालतात तसलं कानझाकण मी त्याच्यासाठी आणलं. दोन आठवडे त्यानं ते फेकून दिलं, एकदा म्हशीच्या टोपल्यात. आता घालतो, पण फक्त गोठ्याच्या वाटेवर. लग्नाच्या वरातीतल्या डीजेपुढं यांतलं काही चालत नाही. त्या रात्री तो चावतो, आणि आई त्याला जवळ घेते. मी घ्या म्हणून सांगितलंय.

वहीत पहिल्या रकान्यात आता ‘लाइट आली’, ‘मिक्सर’, ‘कुत्री भांडली’ असं लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात मला एक ‘उगीच’ सापडलं. मी बोट ठेवलं, तर आई म्हणाली, “अजून सापडलं नाही. शोधू लागलेय.”

जपयंत्र मी परत मागितलं नाही. दिवसाला एखाददुसरा आकडा लिहायला पेन्सिलीची रेघ पुरते. ते आता आजीच्या बोटात असतं. मी मागच्या शनिवारी पाहिलं तेव्हा सोळा हजारांवर होतं, विठ्ठलाच्या नावाचं. पुढच्या अंगारकीला मी राजूरहून दुसरं घेतलं. त्याचे साठ पडले.